पान पिवळे पडण्याआधी: ग्रीनिंग आणि खैऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

लिंबूवर्गीय झाडांच्या जिवाणूजन्य रोगांवर आलेले बहुतेक प्रश्न दोनच रोगांचे आहेत. एक ग्रीनिंग, ज्याला हुआंगलाँगबिंग असेही म्हणतात, आणि दुसरा खैऱ्या, म्हणजे कँकर. खैऱ्याचा जिवाणू पानाफळावर उघड डाग पाडतो. ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिनीत दडून राहतो आणि तो डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून ग्रीनिंगच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: संत्र्याच्या एका झाडाची एकच फांदी पिवळी पडली आहे, बाकी झाड हिरवेगार आहे. ही जस्ताची कमतरता समजायची की ग्रीनिंग?

एकच फांदी पिवळी पडणे ही साधी गोष्ट समजू नका. अन्नद्रव्याची कमतरता जमिनीतून येते, त्यामुळे ती साधारणपणे सगळ्या झाडावर आणि शेजारच्या झाडांवरही दिसते. ग्रीनिंग मात्र झाडाच्या एखाद्या भागातून सुरू होतो.

त्या फांदीवरची पूर्ण वाढलेली आठ-दहा पाने तोडा आणि उजेडाकडे धरून पाहा. मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंचा रंग एकमेकांशी जुळतो का, एवढेच आधी तपासायचे. जस्त कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो आणि डावी-उजवी बाजू सारखी दिसते. नवीन पाने लहान, अरुंद आणि टोकदार येतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या फिकट पानावर शिरांची बारीक हिरवी जाळी दिसते. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर येते आणि देठाजवळ उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखा हिरवा भाग उरतो. या सगळ्यांत पानाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. ग्रीनिंगमध्ये पिवळे-हिरवे चट्टे शिरा ओलांडून कसेही पसरतात आणि एक बाजू दुसऱ्या बाजूशी जुळत नाही.

नजरेला खात्री वाटत नसेल तर पेनाने तपासा. मुख्य शिरेच्या एका बाजूला, चट्टा असेल तिथे, पेनाने एक वर्तुळ काढा. तेवढेच वर्तुळ दुसऱ्या बाजूला, देठापासून आणि शिरेपासून तितक्याच अंतरावर काढा. दोन वर्तुळांतला रंग स्पष्टपणे वेगळा असेल आणि आठ-दहापैकी बऱ्याच पानांवर असेच दिसत असेल, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. एकाच पानावरून निष्कर्ष काढू नका. कीड चावल्याने किंवा फवारणीच्या डागानेही एखादे पान असमान दिसते.

फसगत होते ती पुढे. अन्नवाहिन्या तुंबल्या आणि मुळे झडली की ग्रीनिंगग्रस्त झाडात जस्ताच्या कमतरतेची खरीखुरी लक्षणे उमटतात. पाने लहान होतात आणि फांदीवर ताठ उभी राहतात. जस्त फवारल्यावर झाड थोडे सुधारल्यासारखेही वाटते आणि तेवढ्यावर समाधान मानून एक हंगाम निघून जातो. जस्त द्यायचेच असेल तर लिटरमागे ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि २.५ ग्रॅम विरी गेलेला चुना असे द्रावण नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, फवारा, पण त्या फांदीवर चिंधी बांधून ठेवा. कमतरताच असेल तर पुढची नवती सगळ्या झाडावर एकसारखी हिरवी येते. त्याच फांदीवर पुन्हा असमान चट्टे आले तर दुखणे वेगळे आहे.

फळे असतील तर संशयित फांदीवरचे एखादे वेडेवाकडे फळ देठाच्या मधोमध उभे कापा. मधला कणा वाकलेला, बिया सुकून तपकिरी-काळ्या पडलेल्या आणि देठाच्या टोपीखाली वाहिन्यांवर पिवळसर-नारिंगी डाग, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर संशय बळावतो. फळाचा रंगही उलट्या क्रमाने बदलतो. एरवी रंग तळाकडून चढतो. इथे देठाकडची बाजू आधी पिवळी होते आणि तळ हिरवा राहतो.

प्रश्न: पानात स्टार्च साठतो म्हणून आयोडीनने घरीच चाचणी करता येते असे ऐकले. ती भरवशाची आहे का?

चाळणी म्हणून चांगली आहे, निदान म्हणून नाही. रोगी पानात तयार झालेली साखर अन्नवाहिनीतून बाहेर जाऊ शकत नाही. वाहिनीच्या चाळणीसारख्या पडद्यांवर कॅलोज या कर्बोदकाचे आणि प्रथिनांचे बोळे बसलेले असतात. मग ती साखर पानातच स्टार्चच्या रूपात साचते. रस्ता बंद पडल्यावर गोदाम भरत जावे तसे हे आहे. आयोडीन स्टार्चला निळसर-काळा रंग देते, त्यावरच ही चाचणी बेतलेली आहे.

संशयित फांदीवरचे एक पक्व पान घ्या. त्याच जातीच्या, निरोगी दिसणाऱ्या झाडावरचे तेवढ्याच वयाचे दुसरे पान घ्या. दोन्ही एकाच वेळी, शक्यतो सकाळी लवकर तोडा, कारण निरोगी पान दिवसभर साठवलेला स्टार्च रात्रीतून खर्च करते आणि फरक अधिक उठून दिसतो. बारीक सँडपेपरचा छोटा तुकडा पानाच्या वरच्या बाजूवर वीसेक वेळा घासा, हिरवा लगदा त्यावर चिकटला पाहिजे. तो तुकडा १ मिली पाणी घातलेल्या छोट्या पारदर्शक पिशवीत टाकून बोटांनी चोळा. मग आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. पाणी गडद निळे-काळे झाले आणि निरोगी पानाचे पाणी पिवळट-तपकिरीच राहिले, तर फांदी संशयित धरा. प्रत्येक पानाला नवा तुकडा वापरा. निरोगी पानाशी तुलना न करता चाचणी केली तर तिला अर्थ उरत नाही.

चाचणी चुकते कुठे, तेही लक्षात ठेवा. फांदीची साल तारेने किंवा दोरीने कापली गेली असेल, फांदी अर्धवट मोडली असेल किंवा बुंध्याला डिंक्या लागला असेल, तरी साखर अडते आणि आयोडीन काळे होते. म्हणून आधी फांदी देठापासून बुंध्यापर्यंत हात फिरवून पाहा. उलट कोवळ्या पानात किंवा लागण नुकतीच झालेल्या फांदीत स्टार्च साचलेलाच नसतो, तेव्हा चाचणी काहीच दाखवत नाही.

प्रश्न: पीसीआर तपासणीचा (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा) अहवाल ‘रोग नाही’ असा आला, पण लक्षणे वाढतच आहेत. प्रयोगशाळा चुकली का?

बहुतेक वेळा चूक नमुन्यात असते. ग्रीनिंगचा जिवाणू, कॅन्डिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस, झाडात समान पसरलेला नसतो. एका फांदीत लाखोंनी असतो आणि शेजारच्या फांदीत सापडतच नाही. वरच्या शेंड्याची कोवळी, चकचकीत पाने पाठवली असतील तर अहवाल ‘नाही’ येण्याचीच शक्यता जास्त.

असमान चट्टे असलेली, पूर्ण वाढलेली दहा ते वीस पाने देठासकट तोडा. देठ महत्त्वाचा, कारण प्रयोगशाळा पानाचा पातळ भाग टाकून देते आणि देठ व मुख्य शीर यांतूनच डीएनए काढते. अन्नवाहिनी तिथे असते. झाडावर लक्षणे नसतील आणि केवळ खात्री करायची असेल, तर चारही दिशांच्या फांद्यांवरची पाने मिसळून एक नमुना करा. पाने ओली असतील तर पुसून घ्या, कोरड्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पिशवीवर झाडाचा क्रमांक, ओळ व तारीख लिहा. नमुना थंड ठेवा, पण गोठवू नका. ओल्या कागदात गुंडाळलेली पाने वाटेतच कुजतात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री अल्कोहोलने पुसा.

अहवाल हातात आला की फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ वाचून थांबू नका, सीटी मूल्य विचारा. रिअल टाइम पीसीआरमध्ये जिवाणूचा डीएनए किती आवर्तनांनंतर दिसू लागला तो हा आकडा. आकडा जितका लहान, तितका जिवाणू जास्त. साधारण ३.३ आवर्तनांचा फरक म्हणजे दहापट फरक. सीटी २४ आणि ३४ यांत हजारपट अंतर असते. बऱ्याच प्रयोगशाळा ३६ च्या आसपास रेषा आखतात, म्हणून ३४ ते ३८ यांमधला अहवाल अनिर्णित समजून त्याच फांदीचा नमुना दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाठवावा. दुसरे विचारायचे ते अंतर्गत नियंत्रणाबद्दल. झाडाचा स्वतःचा एखादा जनुकही त्याच नळीत तपासला जातो. तोच दिसला नसेल तर डीएनए नीट निघालेला नाही आणि ‘नाही’ या उत्तराला किंमत नाही.

ऋतूचाही परिणाम होतो. कडक उन्हाळ्यात पानांतील जिवाणूंची संख्या घटते आणि थंडी सुरू झाली की लक्षणे आणि जिवाणू दोन्ही जास्त सहज सापडतात. उन्हाळ्यातला ‘नाही’ आणि हिवाळ्यातला ‘नाही’ सारखे धरू नका.

प्रश्न: मग लक्षणे दिसण्याआधी रोग कळण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, पण त्यासाठी पानावरची नजर काढून दुसरीकडे न्यावी लागते.

लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षेही जातात. रोग मात्र तोवर थांबत नाही. तो सिट्रस सायला या रस शोषणाऱ्या छोट्या किडीमार्फत पसरत राहतो. रोगी किडीने कोवळ्या नवतीवर अंडी घातली की तिथल्या पिल्लांना पंधरा दिवसांच्या आत जिवाणू मिळू शकतो, म्हणजे संपूर्ण झाड निरोगी दिसत असतानाच एक शेंडा रोगाचा उगम बनतो. फ्लोरिडात सिट्रस सायला ही कीड १९९८ साली सापडली आणि रोग २००५ साली. रोगाची नोंद झाली तेव्हा तो तिथे बऱ्याच दूरवर पसरलेला होता.

त्यामुळे सर्वांत लवकर इशारा देते ती कीड. झाड तपासण्याऐवजी सायलाच तपासायची. चोषकाने, म्हणजे कीटक हवेने ओढून घेणाऱ्या नळीने, प्रौढ कीटक गोळा करून ९५ टक्के अल्कोहोलच्या छोट्या कुपीत टाका आणि दहा-दहाच्या गटाने पीसीआरसाठी पाठवा. कुपीवर बागेचा कोपरा लिहा, मग जिवाणू सापडलाच तर कोणत्या बाजूची झाडे आधी पाहायची ते समजते. बागेत एकाही पानावर चट्टा नसताना कीटकांत जिवाणू सापडणे अगदी शक्य आहे.

दुसरी जागा म्हणजे मुळे. जिवाणू अन्नरसाबरोबर खाली उतरतो आणि पाने हिरवी असतानाच अन्न शोषणारी बारीक मुळे मोठ्या प्रमाणात झडतात, साधारण एक तृतीयांशापर्यंत. झाडाच्या घेराखाली वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर मातीतून तंतुमुळे काढून तीही पीसीआरला देता येतात. पानांत न सापडलेला जिवाणू मुळांत सापडल्याची उदाहरणे आहेत. नुसत्या मुळे झडण्यावरून मात्र निदान करू नका, फायटोफ्थोरा बुरशीमुळेही मुळे सडतात.

तिसरा मार्ग सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. अमेरिकेत वासावरून रोगी झाड ओळखायला कुत्र्यांना शिकवले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांची अचूकता ९९ टक्क्यांच्या आसपास होती आणि लागण झाल्यावर काही आठवड्यांतच, पानातून पीसीआरने उत्तर मिळण्याच्या बरेच आधी, त्यांनी झाडे दाखवली.

प्रश्न: मोबाइल ॲप आणि ड्रोन ग्रीनिंग ओळखतात का?

ते पानाच्या रंगातला आणि परावर्तित प्रकाशातला बदल ओळखतात, म्हणजे बदल झाल्यानंतरच. ड्रोनने मोठ्या बागेत कोणत्या ओळीत आधी चालत जायचे ते ठरवता येते, एवढा उपयोग खरा आहे. ॲपने ‘निरोगी’ म्हटले म्हणून फांदीवरची चिंधी सोडू नका.

प्रश्न: सायला मोजायची पद्धत कोणती? चिकट सापळे लावले आहेत, पण आकड्यांवरून काहीच कळत नाही.

पिवळे चिकट सापळे कीड आली की नाही ते सांगतात, किती आहे ते नीट सांगत नाहीत. मोजण्यासाठी फांदी ठोकण्याची पद्धत चांगली. ए-४ आकाराचा पांढरा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुठ्ठ्यावर बसवा, फांदीखाली आडवा धरा आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने फांदीवर तीनदा ठोका. कागदावर पडलेले प्रौढ कीटक लगेच मोजा, ते उडून जातात. बागेत दहा ठिकाणे ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी दहा झाडे ठोका, म्हणजे एका पाहणीत शंभर ठोके. दहापैकी निम्मी ठिकाणे बांधालगत ठेवा. सायला बाहेरून येऊन आधी कडेच्या ओळींवर बसते आणि रोगी झाडेही आधी कडेलाच सापडतात.

प्रौढ सायला ३ ते ४ मिलिमीटर लांब, तपकिरी ठिपकेदार पंखांची असते आणि डोके खाली, शेपटीकडचा भाग ४५ अंशांत वर करून बसते. ही बसण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. अंडी बदामाच्या आकाराची, पिवळी-नारिंगी, अगदी न उमललेल्या शेंड्याच्या घडीत असतात. पिल्ले पिवळसर आणि चपटी असतात, त्यांच्याजवळ पांढऱ्या मेणाचे वळलेले धागे दिसतात. दहा पटींचे भिंग घेऊन शेंडे उघडा, उघड्या डोळ्यांना अंडी सुटतात.

पिल्लांकडे दुर्लक्ष करू नका. पिल्लू असताना जिवाणू मिळालेला कीटक प्रौढ झाल्यावर फार परिणामकारक वाहक होतो आणि आयुष्यभर तसाच राहतो. म्हणून फवारणीची सर्वांत फायद्याची वेळ नवती फुटण्याआधीची. तेव्हा बागेत फक्त प्रौढ असतात आणि अंडी घालायला जागाच मिळालेली नसते.

प्रश्न: कुंपणाला कुंती आणि बांधावर कढीपत्ता आहे. काढून टाकावा का?

कुंती, म्हणजे कामिनी, सायलाचे फार आवडते झाड आहे. ती बागेजवळ नको. कढीपत्त्यावरही सायला वाढते. काढायचा नसेल तर त्याची नवती बागेतल्या झाडांबरोबरच तपासा आणि फवारणीतून त्याला वगळू नका.

प्रश्न: लिंबाच्या पानांवर उठावदार डाग आहेत. हा खैऱ्याच आहे, हे लवकर आणि नक्की कसे ओळखायचे?

डागावर दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. खैऱ्याचा डाग पानाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे उठलेला आणि खरखरीत लागतो. पान उन्हाकडे धरले की डागाभोवती तेलकट, पाणथळ कडा आणि तिच्या बाहेर पिवळे वलय दिसते. जुन्या डागाचा मध्य खचून विवरासारखा होतो. स्कॅब या बुरशीजन्य रोगाचे फोड बहुधा एकाच बाजूला उठतात, दुसरी बाजू खोलगट राहते आणि वलय नसते.

पण हे झाले पक्व डागाचे. लवकर ओळखायचे तर टाचणीच्या टोकाएवढे, किंचित फुगलेले तेलकट ठिपके शोधावे लागतात आणि ते आधी पानाच्या खालच्या बाजूला येतात. शोधण्याची वेळ ठरलेली आहे: जोराच्या वाऱ्यासह पाऊस पडल्यावर सात ते चौदा दिवसांनी. सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा पावसाच्या थेंबातला जिवाणू थेट पर्णरंध्रांत ढकलतो. २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात डाग आठवड्या-दीड आठवड्यात दिसतात, थंडीत याहून बराच वेळ लागतो. पाने पोखरणाऱ्या अळीच्या नागमोडी रेषा नीट पाहा. त्या जखमेतून जिवाणू सहज शिरतो आणि रेषेच्या कडेने डागांची रांग उमटते.

सूक्ष्मदर्शक असेल तर डागाच्या कडेचा २ मिलिमीटरचा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवा, ब्लेडने कापा, काचपट्टी टाका आणि शंभरपट मोठा करून पाहा. कापलेल्या कडेतून धुरासारखा प्रवाह बाहेर पडताना दिसला तर रोग जिवाणूजन्य आहे. कोणता जिवाणू ते मात्र यातून कळत नाही, त्यासाठी खैऱ्याच्या जिवाणूची, म्हणजे झँथोमोनास सिट्रीची, चाचणी-पट्टी किंवा पीसीआर लागते.

ताम्रयुक्त औषधाची अपेक्षा नीट समजून घ्या. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला २.५ ते ३ ग्रॅम, निरोगी पृष्ठभागाचे रक्षण करते. असलेला डाग बरा करत नाही. पान आणि फळ वाढत असताना त्यांचा नवा पृष्ठभाग औषधाविना उघडा पडतो, म्हणून प्रत्येक नवतीला आणि फळ लहान असताना फवारणी पुन्हा करावी लागते. पाने ओली असताना बागेत छाटणी, तोडणी, फवारणी काहीच करू नये.

प्रश्न: एका झाडात ग्रीनिंग सिद्ध झाला. फक्त रोगी फांदी तोडली तर झाड वाचेल का? प्रतिजैविक टोचता येते का?

फांदी तोडून रोग जात नाही. चट्टे दिसतात तेव्हा जिवाणू मुळांपर्यंत पोहोचलेला असतो. ब्राझीलमध्ये छाटणीचे प्रयोग झाले, बहुतेक झाडांत लक्षणे परत आली आणि मधल्या काळात ती झाडे किडीला जिवाणू पुरवत राहिली. बुंध्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टोचल्याने जिवाणूंची संख्या दबते, झाड रोगमुक्त होत नाही. ते जिथे अधिकृत परवानगी आहे तिथेच आणि फळ तोडणीचा ठरलेला कालावधी पाळूनच वापरता येते.

आजूबाजूला रोग कमी असेल तर झाड काढणेच योग्य. क्रम चुकवू नका. आधी सायलासाठी फवारणी करा, मगच झाड तोडा. नाहीतर हलवल्याबरोबर त्यावरचे रोगवाहक कीटक शेजारच्या झाडांवर जाऊन बसतात. बुंधा मुळांसकट उपटा, कारण खुंटातून फुटलेले धुमारेही रोगीच असतात. पुढचे वर्षभर त्या झाडाच्या चारही बाजूंची झाडे दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. एका फेरीत सगळी रोगी झाडे कधीच सापडत नाहीत. झाड उंच असेल तर ट्रॉलीवर उभे राहून शेंड्याकडचा भाग पाहा, जमिनीवरून तो दिसत नाही.

प्रश्न: कलमे घेताना आणि अवजारे वापरताना काय सांभाळायचे?

ग्रीनिंग डोळा भरताना पसरतो, बियांतून नाही. म्हणून खुंटाच्या बियांपेक्षा मातृवृक्षाची, म्हणजे डोळे ज्या झाडावरून घेतले त्याची, चौकशी आधी करा. तो वर्षातून किमान एकदा पीसीआरने तपासला जातो का, त्याचा अहवाल मागा. रोपे कीटकरोधक, ५० मेशच्या (इंचाला ५० छिद्रांच्या) जाळीत वाढलेली असावीत आणि प्रवेशाला दुहेरी दार असावे. जाळीला एक फाटलेला कोपरा असेल तर ती जाळी नसल्यासारखीच. कलमे आणल्यावर बागेपासून दूर ठेवा आणि निदान दोन नवती फुटेपर्यंत शेंडे तपासा.

अवजारांची काळजी मुख्यतः खैऱ्यासाठी. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के असते. एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी घेतले की १ टक्का द्रावण होते. आधी कात्रीवरचा चीक आणि माती धुऊन टाका, कारण सेंद्रिय घाणीत क्लोरीन वाया जाते. मग पाती द्रावणात दोन मिनिटे बुडवा, नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन तेलाचा हात द्या, नाहीतर गंज चढतो. द्रावण रोज नवे करा आणि उन्हात ठेवू नका.